जीप थरथरते तेव्हा : रोग रेड्याला, औषध पखालीला नको



नेहमी आपण या पानावर पिकांच्या रोगांबद्दल बोलतो. आज रोगाबद्दलच बोलायचे आहे, पण तो पिकाचा नाही; अंगणात उभ्या असलेल्या जीपचा आहे. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने मिस्त्रीच्या कामात कशाला डोके घालावे? पण रोग ओळखण्याची रीत सगळीकडे एकच असते. पान पिवळे पडले की आपण लगेच औषधाची बाटली उचलत नाही. आधी विचारतो, पिवळेपणा जुन्या पानावर आहे की कोवळ्या? शिरा हिरव्या आहेत का? पाणी कधी दिले? गाडीलाही असेच प्रश्न विचारावे लागतात. ते न विचारता पुर्जे बदलत गेले की पैसा जातो आणि रोग तसाच राहतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून ही गाडी आपल्या खेड्यांत रुळली. आजही कितीतरी वस्त्यांवर जुनी जीप दूध, खत, कांद्याची पोती आणि घरची माणसे वाहते. चिखलातून, नांगरटीतून जावी म्हणून पुष्कळजण तिला उंच करून घेतात. पाटे वाढवतात, लांब शॅकल घालतात, मोठे टायर चढवतात. गाडी दिसायला ऐटबाज होते. पण काही दिवसांत पायाखालचा पत्रा गुणगुणू लागतो आणि मग गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात.

एका बागायतदाराची गोष्ट

माझ्या परिचयाचे एक बागायतदार आहेत. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट काळ्या मातीची. दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा. म्हणून त्यांनी मागच्या पाट्यांना लांब शॅकल बसवून घेतले. पोट घासणे थांबले. महिन्याभरात मात्र ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जीप थरथरायला लागली.

त्यांनी मला विचारले तेव्हा मी सहज बोलून गेलो, ‘चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या.’ गाडी खालून न पाहता दिलेला हा सल्ला होता आणि तो चुकला, हे आधीच कबूल करतो. बॅलन्सिंग झाले, फरक पडला नाही. मग एका गॅरेजात इंजिनाची रबरे बदलली. दुसरीकडे क्लचप्लेट बदलली. तिसरा मिस्त्री गिअरबॉक्स उतरवायला निघाला. दुधाचा पैसा असा तीन ठिकाणी गेला आणि थरथर होती तशीच राहिली.

निदानाचा पहिला धागा सापडला तो त्यांच्या घरच्या माऊलींना. त्या रोज पहाटे मागे दुधाच्या कॅनजवळ बसत. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, चढाला गाडी जोर करते तेव्हा कॅनची झाकणं वाजतात. यांनी पाय काढला की गप्प होतात. गिअर कुठला का असेना, वाजायचं ते वाजतंच.’

ही तीन वाक्ये तीन गॅरेजांपेक्षा मोलाची होती. ती का, ते आता पाहू.

आधी हे प्रश्न विचारा

पहिला प्रश्न : दुखणे सुरू होण्याआधी गाडीत काय बदलले? नवीन टायर, पाटे, शॅकल, क्रॉस, शाफ्ट, काहीही असो. त्या बदलापासूनच शोध सुरू करावा. आमच्या बागायतदारांना हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

दुसरा प्रश्न : थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चालते की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी उभी करून, गिअर न टाकता, इंजिन थोडे रेस करून पाहा. उभ्या गाडीतही तशीच थरथर आली तर इंजिन, त्याची रबरे किंवा क्लच तपासा. उभी गाडी शांत असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने एकदा खालच्या आणि एकदा वरच्या गिअरमध्ये चालवा. गिअर बदलला की इंजिनाचे फेरे बदलतात, पण चाकांचे आणि शाफ्टचे तेवढेच राहतात. थरथर दोन्ही वेळा सारखीच असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. माऊलींनी हेच सांगितले होते.

तिसरा प्रश्न : जोर दिल्यावर वाढते की पाय काढल्यावर? जोर दिल्यावर वाढत असेल तर शाफ्टचे कोन, झिजलेला क्रॉस किंवा जोराने पिळवटणारे पाटे यांचा संशय घ्यावा. पाय काढल्यावर घरघर वाढत असेल तर डिफरन्शियलच्या पिनियनची बेअरिंग ढिली झाली आहे का ते पाहावे.

चौथा प्रश्न : थरथर कुठे जाणवते? स्टिअरिंग हातात नाचत असेल तर पुढची चाके, किंगपिनची बेअरिंग आणि टायरॉडचे जोड पाहा. खड्ड्यात आदळल्यावर पुढची चाके एकदम फडफडू लागतात, ते दुखणे हेच. आसनाखाली आणि पायाखालच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखे वाटत असेल तर शाफ्टकडे वळा.

पाचवा प्रश्न : हिसका जाड आहे की बारीक? याचा हिशेब सोपा आहे. टायरचा घेर सव्वादोन मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर; चाक मिनिटाला सुमारे ४४५ फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सात-आठ. डिफरन्शियलचे प्रमाण ५ धरले तर शाफ्ट मिनिटाला सुमारे २२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला सदतीसेक. म्हणून चाकाचा दोष धपधप असा मोजता येण्यासारखा लागतो आणि शाफ्टचा दोष भुंग्यासारखा गुणगुणतो. शाफ्टच्या कोनाचा दोष तर एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो. तो आणखी बारीक लागतो.

क्रॉस काय काम करतो?

गिअरबॉक्सशेजारचा फोर व्हीलचा बॉक्स चासीला पक्का असतो. मागचा अ‍ॅक्सल मात्र पाट्यांवर वरखाली नाचतो. या दोघांना जोडणारा प्रॉपेलर शाफ्ट तिरका राहूनही फिरला पाहिजे, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने अशा सांध्याचा अभ्यास केला. म्हणून त्याला हूकचा सांधाही म्हणतात.

या सांध्याची एक खोड आहे. तो तिरका फिरला की एका बाजूने एकसारखी गती आत जाते, पण दुसऱ्या बाजूने ती एकसारखी बाहेर येत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. मिनिटाला १००० फेऱ्यांची गती १० अंशाच्या कोनातून गेली तर पलीकडे ती ९८५ ते १०१५ अशी हेलकावते. कोन २० अंश झाला तर ९४० ते १०६४. कोन दुप्पट झाला की हेलकावा सुमारे चौपट होतो, हे ध्यानात ठेवावे.

मग गाडी मुळात थरथरत का नाही? कारण दुसऱ्या टोकाचा क्रॉस उलटा हेलकावा देऊन पहिल्याचा हेलकावा फेडतो. दोन सासुरवाशिणी जाते ओढताना एकीचा हात थांबतो तिथे दुसरीचा जोर लागतो, तसे हे आहे. पण त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे हवेत. दुसरी, शाफ्टच्या दोन टोकांचे चिमटे एका रेषेत हवेत. यातली एक जरी मोडली तरी हिशेब फिटत नाही आणि राहिलेली बाकी आपल्या आसनाखाली वाजते.

लांब शॅकलने मोडते ती पहिली अट. ज्या जीपच्या मागच्या पाट्याचे पुढचे टोक चासीला पक्के असते आणि मागचे शॅकलवर लोंबते, तिथे शॅकल लांब केला की पाट्याचे मागचे टोक खाली जाते. पाट्याबरोबर अ‍ॅक्सल कलतो आणि पिनियनचे नाक वर येते. गाडी वर उचलली गेली एवढेच आपल्याला दिसते. नाक कललेले दिसत नाही.

गाडीखाली जाण्यापूर्वी

इथे थोडे थांबा. अनेक जुन्या जीपना हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो फोर व्हीलच्या बॉक्सच्या मागे, शाफ्टवर असतो. मागचा शाफ्ट सोडला की असा हँडब्रेक गाडी धरत नाही. म्हणून सपाट जागेवर, चारही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली शिरू नये. इंजिन बंद आणि किल्ली आपल्या खिशात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; भक्कम स्टँड किंवा जाड ओंडके द्यावेत. फिरत्या शाफ्टजवळ हात नेऊ नये आणि लेकरांना लांब ठेवावे.

हाताने आणि डोळ्याने तपासणी

१. आधी शाफ्ट धुऊन पुसा. वाळलेल्या चिखलाचा गोळा किंवा गुंडाळलेली तार एवढ्यानेही शाफ्ट थरथरतो. तोल बिघडलेल्या शाफ्टचा हिसका वेग दुप्पट झाला की चौपट होतो.

२. दोन्ही टोकांचे नट-बोल्ट आणि यू-बोल्ट पान्याने तपासा. एक ढिला बोल्टही पुरतो.

३. क्रॉसच्या दोन बाजू दोन हातांत धरून उलटसुलट पिळा, मग वरखाली हलवा. सांध्यात जरासुद्धा खटखट लागता कामा नये. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया ग्रीसवाचून कोरड्या पडून गंजल्या आहेत असे समजा. कपाची क्लिप जागेवर आहे का ते पाहा.

४. शाफ्टचा सरकता जोड वरखाली हलवा. दाते झिजले असतील तर तो डुलतो. या जोडावर बहुधा दोन बाणांच्या खुणा असतात. दोन्ही बाण समोरासमोर हवेत. शाफ्ट सोडून परत जोडताना एक-दोन दाते चुकले की चिमटे रेषेतून सुटतात. सोडण्यापूर्वी आपणही खडूने किंवा रंगाने खूण करावी.

५. शाफ्टला पोचा पडला आहे का, तोल साधण्यासाठी डकवलेली लोखंडी पट्टी निघून गेली आहे का, ते पाहा. पट्टी निघालेल्या ठिकाणी जुन्या वेल्डिंगची खूण राहते.

६. पुढचा शाफ्ट विसरू नका. पुढच्या चाकांना वेगळे करता येणारे हब नसतील तर फोर व्हील टाकलेला नसतानाही चाकांबरोबर पुढचा शाफ्ट फिरतच असतो. खुणा करून तो काढून ठेवा आणि सपाट रस्त्यावर थोडी गाडी चालवून पाहा. थरथर गेली तर चोर पुढे आहे. नाही गेली तर मागे.

आमच्या बागायतदारांच्या जीपचा पुढचा शाफ्ट काढूनही फरक पडला नाही. मागच्या शाफ्टच्या पुढच्या क्रॉसजवळ मात्र तांबडी भुकटी दिसली. कपाची एक क्लिप नव्हतीच, कप सरकून बाहेर डोकावत होता.

त्या क्षणी आम्ही दोघेही गप्प झालो. याच जीपमधून रोज वस्तीवरची पोरे शाळेला जात होती. शाफ्टचे मागचे टोक सुटले तर तो फरफटत येतो आणि आवाज करतो. पुढचे टोक धावत्या गाडीत सुटले तर ते रस्त्यात रुतू शकते आणि गाडी मागून उचलली जाऊ शकते. थरथर म्हणजे नुसता त्रास नव्हता. ती वेळेवर मारलेली हाक होती आणि आम्ही तिच्यावर क्लचप्लेट लावत बसलो होतो.

ओळंबा आणि कोनमापक

नुसता नवा क्रॉस घातला असता तर तोही काही महिन्यांत गेला असता, कारण मूळ दोष कोनाचा होता. कोन मोजायला मोठे यंत्र लागत नाही. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला नट, एवढ्यावर काम भागते.

गाडी सपाट जागी, आपल्या चाकांवर, नेहमीच्या ओझ्यासह उभी करावी. जॅकवर उचलून मोजलेला कोन खोटा असतो. तीन कोन मोजावेत : फोर व्हीलच्या बॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्याचा, शाफ्टचा आणि पिनियनचा. दांडा आणि पिनियनसाठी त्यांच्या फ्लॅन्जच्या सपाट तोंडावर कोनमापकाची सरळ कड उभी टेकवा. ओळंब्याचा दोरा जितका सरकेल तितका कल. शाफ्टसाठी कड शाफ्टच्या लांबीला समांतर टेकवून दोरा पाहा. तिन्ही आकडे कागदावर मांडा.

आमचे आकडे असे आले. बॉक्सचा दांडा मागे उतरता ३ अंश. शाफ्ट मागे उतरता १५ अंश. पिनियन, नाक वर, ९ अंश. म्हणजे पुढच्या सांध्याचा कोन १५ वजा ३, म्हणजे १२. मागच्या सांध्याचा १५ वजा ९, म्हणजे ६. एकीकडे १२, दुसरीकडे ६. हिशेब कसा फिटणार? पिनियनही ३ अंशांवर असता तर दोन्हीकडे १२-१२ झाले असते आणि हेलकावा फिटला असता. तरीही १२ अंश हा कोन मोठाच आहे. क्रॉसची झीज लवकर होते. दोन्ही सांध्यांतला फरक १ अंशाच्या आत असावा आणि कोन जितका लहान तितका बरा. पण अगदी शून्यही नको. थोडा कोन असला तरच क्रॉसच्या सुया फिरत राहतात, नाहीतर एकाच जागी खळगे पाडतात.

यावर दोन उपाय असतात. एक, पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून पिनियनचे नाक जागेवर आणायचे. पाचरीची जाड बाजू पुढे की मागे, हे पाटा अ‍ॅक्सलच्या वर आहे की खाली यावर ठरते. म्हणून बसवल्यावर पुन्हा मोजावे. लाकडाची किंवा पत्र्याच्या तुकड्यांची पाचर कधीही घालू नये. दुसरा उपाय, मूळचे शॅकल परत बसवायचे.

आम्ही दुसरा उपाय केला. मूळ शॅकल परत आले, दोन्ही क्रॉस नवे बसवले, बाण जुळवले, शाफ्टचा तोल तपासून घेतला आणि निप्पलला ग्रीस दिले. कोन पुन्हा मोजले, ते एका अंशाच्या आत जुळले. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप चढाला लागली तेव्हा कॅनची झाकणे गप्प होती.

आणि पोटाला घासणारा तो उंचवटा? त्यांनी दोन दिवस ट्रॉलीने मुरूम आणून चाकोऱ्या भरून घेतल्या. जे काम वाटेवर करायचे होते ते आम्ही गाडीवर करत होतो.

कायद्याचीही एक गोष्ट

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेहून वेगळा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. म्हणून उंची, चासी, टायर यांत हात घालण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. अपघात झाला तर विम्याचा दावाही अशा बदलावर अडू शकतो.

ट्रॅक्टरलाही हाच नियम

ज्यांच्याकडे जीप नाही त्यांनीही हे वाचून सोडू नये. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. वरून रोटाव्हेटरला जाणाऱ्या शाफ्टला हेच क्रॉस असतात. त्याचेही चिमटे एका रेषेत हवेत, क्रॉसला वेळेवर ग्रीस हवे आणि फिरत असताना अवजार फार वर उचलू नये. कोन वाढला की शाफ्ट धडधडतो आणि क्रॉस तुटतो. हा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, धोतराचा सोगा किंवा बाही अडकली तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. म्हणून त्यावरचे प्लास्टिकचे संरक्षक आवरण काढून टाकू नये, फुटले असेल तर नवे बसवावे.

शेवटी

एका वहीत गाडीचे पान करा. काय बदलले, कधी बदलले, ग्रीस कधी दिले, थरथर कोणत्या वेगाला आली, ते लिहून ठेवा. चिखलपाण्यातून गाडी गेली की क्रॉसला ग्रीस द्या आणि जुना मळ बाहेर येईपर्यंत द्या. मिस्त्रीकडे जाताना ही वही बरोबर न्या, म्हणजे त्याचाही वेळ वाचेल आणि तुमचा पैसाही.

आणि हो, मागे बसणाऱ्या घरच्या माणसांचे ऐका. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. गाडीचे कण्हणे मागे बसणाऱ्यालाच आधी ऐकू येते. आमच्या माऊलींनी झाकणांचा आवाज सांगितला नसता तर आम्ही गिअरबॉक्स उतरवला असता, आणि तो सरकलेला कप पोरांना घेऊन रोज घाट चढत राहिला असता.